जहाजांच्या धुरातलं गंधक घटलं, तेव्हा ढगांचं काय झालं? एक प्रकरण अभ्यास

१ जानेवारी २०२० पासून जगभरातल्या समुद्री जहाजांच्या इंधनात गंधकाचं प्रमाण ०.५ टक्क्यांच्या वर असू नये, असा नियम लागू झाला. त्याआधीची मर्यादा ३.५ टक्के होती. नियम आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, जहाजांचं प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल कराराच्या सहाव्या परिशिष्टातला. तारीख ऑक्टोबर २०१६ मध्येच पक्की झाली होती, त्यामुळे तेलशुद्धीकरण कारखान्यांना आणि जहाजमालकांना तयारीसाठी तीन वर्षं मिळाली. नियमाचा रोख माणसांच्या श्वासाकडे होता. बंदरांच्या आणि किनाऱ्यांच्या आसपास राहणाऱ्यांच्या फुप्फुसांत जाणारी घाण कमी करायची होती. ढगांसाठी हा नियम कुणी केला नव्हता.

पण ढगांवर त्याचा परिणाम झाला, आणि तो उपग्रहांनी टिपला. हवेतले अतिसूक्ष्म कण ढगांना कसे घडवतात, या जुन्या प्रश्नाला इतकी मोठी आणि इतकी स्पष्ट तारीख असलेली परीक्षा क्वचितच मिळते. कारखाने वर्षानुवर्षं हळूहळू स्वच्छ होतात, त्यामुळे कशामुळे काय बदललं हे वेगळं काढता येत नाही. इथे मात्र जवळपास साऱ्या जगाच्या जहाजांनी एकाच सुमारास तेल बदललं.

चिमणीतून काय बाहेर पडायचं

मोठ्या जहाजांचं पारंपरिक इंधन म्हणजे बंकर तेल. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी उरतो तो गाळ. थंड असताना तो इतका घट्ट असतो की इंजिनात सोडण्याआधी १०० अंश सेल्सिअसच्या वर तापवावा लागतो. कच्च्या तेलातलं गंधक मोठ्या प्रमाणात या गाळातच साठून राहतं.

दिवसाला १०० टन तेल जाळणारं एक मोठं मालवाहू जहाज घेऊ. तेलात ३.५ टक्के गंधक असेल तर दिवसाला साडेतीन टन गंधक जळतं. गंधकाच्या एका अणूला प्राणवायूचे दोन अणू जोडले गेले की वजन दुप्पट होतं, म्हणजे चिमणीतून रोज सात टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. गंधक ०.५ टक्क्यावर आणलं की तोच आकडा एका टनावर येतो. प्रत्यक्षात जुन्या तेलात सरासरीने गंधक मर्यादेपेक्षा कमीच असायचं, त्यामुळे खरी घट सातास एक इतकी नव्हती. तरी ती पाच भागांतले चार भाग नाहीसे व्हावेत एवढी मोठी होतीच.

हा वायू स्वतः कण नाही. हवेतल्या हायड्रॉक्सिल मूलकांशी किंवा ढगाच्या थेंबात विरघळलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची अभिक्रिया होते, गंधकाम्ल तयार होतं आणि त्यातून सल्फेटचे कण बनतात. असे कण साधारण एक दशांश मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. वजनाकडे पाहिलं तर ते नगण्य वाटतात. संख्येकडे पाहिलं की चित्र उलटतं. एवढ्या आकाराच्या कणांचा हिशेब केला, तर एक ग्रॅम सल्फेटमध्ये सुमारे दहा कोटी कोटी कण निघतात. एक घन किलोमीटर हवेतल्या प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये १०० कण वाढवायचे असतील तर सुमारे १०० ग्रॅम सल्फेट पुरतं. खुल्या समुद्रावरच्या स्वच्छ हवेत, ढगाचा थेंब ज्यांच्यावर धरतो असे कण दर घन सेंटिमीटरला साधारण पन्नास ते शंभरच असतात. तिथे आणखी १०० म्हणजे ढगाची सगळी घडणच बदलली. टनावारी वायू सोडणाऱ्या जहाजाला हे सहज साधायचं.

थेंबाला बूड लागतं

हवेत बाष्प कितीही असलं तरी ते आपसूक थेंब होत नाही. फ्रान्समध्ये कूलिए यांनी १८७५ मध्ये आणि स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन यांनी १८८० मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं की हवा गाळून घेतली, तिच्यातली धूळ काढून टाकली, तर दमट हवा थंड करूनही धुकं धरत नाही. कणच नसते तर थेंब बनण्यासाठी हवेची आर्द्रता कित्येकशे टक्क्यांवर जावी लागली असती. खऱ्या ढगात ती शंभराच्या वर जेमतेम अर्ध्या टक्क्यापर्यंत जाते आणि तेवढ्यात थेंब धरतात, कारण बसायला कण तयार असतात. त्यातही सल्फेटसारखे पाण्यात विरघळणारे कण या कामाला फार सोयीचे.

आता कण वाढले, पण पाणी तेवढंच राहिलं, तर काय होईल? आपल्या संपूर्ण प्रकरणाचा गाभा या प्रश्नात आहे, म्हणून इथे थोडं थांबू. समजा एका ढगात १४ मायक्रॉन त्रिज्येचे थेंब आहेत. तेच पाणी आठपट थेंबांत वाटलं गेलं, तर प्रत्येक थेंबाचं घनफळ आठव्या हिश्श्यावर येईल आणि त्रिज्या निम्मी होईल, ७ मायक्रॉन. एका थेंबाचा पृष्ठभाग चौथ्या हिश्श्यावर आला, पण थेंब आठपट झाले, म्हणून एकूण पृष्ठभाग दुप्पट झाला. प्रकाश परतवतो तो पृष्ठभाग. म्हणजे पाण्याचा एक थेंबही न वाढता ढग अधिक पांढरा झाला. शॉन टूमी यांनी १९७० च्या दशकात ही गोष्ट मांडली आणि तो परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

लहान थेंबांचं आणखी एक आहे. ते एकमेकांवर आदळून सहज मोठे होत नाहीत. दोन मिलिमीटर व्यासाचा पावसाचा एक थेंब व्हायला २० मायक्रॉन व्यासाचे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. थेंब आणखी बारीक असतील तर रिमझिम लांबणीवर पडते, पाणी ढगातच राहतं आणि ढग जास्त टिकतो, असं ब्रूस आल्ब्रेख्ट यांनी १९८९ मध्ये सुचवलं. मात्र ही बाजू पहिलीइतकी सरळ नाही. बारीक थेंब लवकर सुकतातही. ढगाच्या माथ्यावरून कोरडी हवा आत शिरली की ढग उलट विरळही होऊ शकतो. यातली कोणती ओढ कुठे जिंकते, यावर वाद अजून चालू आहे. २०१४-१५ मध्ये आइसलँडच्या होलुह्राउन ज्वालामुखी उद्रेकाने महिनोन्‌महिने प्रचंड सल्फर डायऑक्साइड ओकला, तेव्हा ढगांचे थेंब बारीक झालेले स्पष्ट दिसले, पण ढगांतल्या पाण्याच्या साठ्यात तसा ठळक फरक सापडला नाही.

समुद्रावरच्या पांढऱ्या रेघा

हे सगळं कागदावर राहिलं नाही, याचं श्रेय जहाजांनाच. १९६६ मध्ये जॉन कॉनोव्हर यांनी टायरॉस उपग्रहांच्या चित्रांतल्या विचित्र लांबट ढगरेघांबद्दल लिहिलं आणि त्यांचा संबंध खालून जाणाऱ्या जहाजांशी जोडला. पुढे त्यांना शिप ट्रॅक हे नाव पडलं. शेकडो किलोमीटर लांब, काही किलोमीटर रुंद आणि कधी दिवसभराहूनही जास्त टिकणाऱ्या या रेघा म्हणजे धूर नव्हे. आधीच असलेल्या ढगाचा जहाजाच्या कणांनी उजळलेला पट्टा तो. साध्या प्रकाशात त्यातल्या बऱ्याच नजरेतून सुटतात. ३.७ मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात मात्र लहान थेंब चटकन ओळखू येतात. १९९४ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या किनाऱ्यापुढे शास्त्रज्ञांनी विमानं थेट या रेघांमधून नेली आणि आत थेंब जास्त व बारीक असल्याचं प्रत्यक्ष मोजलं.

या रेघा सगळीकडे उमटत नाहीत. कॅलिफोर्निया, पेरू-चिली, नामिबिया-अंगोला यांच्या किनाऱ्यांपुढे थंड पाण्यावर दोन-चारशे मीटर जाडीचे सपाट ढग पसरलेले असतात. वरची उबदार कोरडी हवा त्यांना वर चढू देत नाही. खाली काळाभोर समुद्र, जो पडलेल्या उन्हातलं ९० टक्क्यांहून जास्त गिळतो. हे ढग बुटके असल्यामुळे त्यांचे माथे समुद्राइतकेच कोमट असतात, म्हणून पृथ्वीची बाहेर जाणारी उष्णता ते फारशी अडवत नाहीत. त्यांचं मुख्य काम सावली धरण्याचं. अशा ठिकाणी ढग थोडासा जरी जास्त पांढरा झाला तरी खालचं पाणी त्या प्रमाणात थंड राहतं. तोच कण वाळवंटाच्या निरभ्र आकाशात सोडला तर त्याच्या हातून एवढं काम होत नाही. मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: कणाची ताकद त्याच्या वजनात शोधू नये, तो कुठल्या हवेत जाऊन पडला हे पाहावं.

नियमानंतर

टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवरच्या मोडिस उपकरणांची वर्षानुवर्षांची चित्रं हाताशी होती. त्यांतल्या रेघा डोळ्यांनी मोजणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून संगणकाला रेघा ओळखायला शिकवलं गेलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा कामांमधून दिसलं की २०२० मध्ये रेघांची संख्या एकदम खाली आली, काही मुख्य मार्गांवर तर निम्म्याच्या आसपास. वेगवेगळ्या गटांच्या पद्धती वेगळ्या आणि त्यामुळे घटीचे आकडेही वेगळे, पण घट सगळ्यांनाच सापडली.

साहजिकच पहिली शंका महासाथीची. २०२० मध्ये जहाजंच कमी धावली, मग रेघा कमी होणारच! पण समुद्री मालवाहतूक विमानांसारखी ठप्प झाली नव्हती. नियम लागू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच, टाळेबंद्या सुरू होण्याआधी, घट दिसू लागली होती. वाहतूक पूर्ववत झाल्यावरही रेघा परतल्या नाहीत. शंका रास्त होती, पण ती टिकली नाही.

दुसरी शंका जास्त खोल आहे आणि तिला उत्तर देणं अवघड. दिसणारी रेघ म्हणजे परिणामाचा दिसणारा भाग. न दिसणाऱ्या भागाचं काय? जहाजाची जागा आणि वाऱ्याची दिशा माहीत असेल तर त्याचे कण कुठे पोचले हे काढता येतं, मग तिथे रेघ दिसो वा न दिसो. २०२२ मध्ये याच युक्तीने दाखवलं गेलं की रेघ न उमटलेल्या ढगांतही थेंब बदललेले असतात. म्हणजे फक्त रेघा मोजल्या तर परिणाम खऱ्यापेक्षा कमी भरतो.

या प्रश्नावर मला सर्वांत पटलेली मांडणी आग्नेय अटलांटिकमधली आहे. तिथला एक जहाजमार्ग वाऱ्याच्या दिशेला जवळपास समांतर जातो, त्यामुळे एकामागून एक जहाजांचे कण इकडेतिकडे न विखुरता एकाच पट्ट्यात साचतात. मायकेल डायमंड यांनी त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या अस्पर्श ढगांवरून, जहाजं नसती तर मधले ढग कसे असते याचा अंदाज बांधला आणि प्रत्यक्ष ढगांशी त्याची तुलना केली. २०२० च्या आधी पट्ट्यातले थेंब शेजारपाजारपेक्षा बारीक असायचे. नियमानंतर तो फरक खात्रीने कमी झाला. ढगांचा जादा उजळपणाही ओसरल्याच्या खुणा मिळाल्या, फक्त थेंबांच्या आकाराइतक्या निःसंदिग्ध नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्या मार्गावर समुद्राला मिळणारी ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे १ वॅटने वाढली आणि साऱ्या पृथ्वीवर सरासरी काढली तर ०.१ वॅटच्या आसपास वाढ अपेक्षित होती.

विजेचंही एक टिपण इथे द्यायला हवं, कारण ते सहसा राहून जातं. हिंदी महासागर आणि दक्षिण चीन समुद्रातल्या गजबजलेल्या मार्गांवर आजूबाजूच्या समुद्रापेक्षा विजा जवळपास दुप्पट पडतात, असं २०१७ मध्ये लक्षात आलं होतं. उंच वादळी ढगांत बारीक थेंब लवकर बरसत नाहीत, वर बर्फाच्या थरापर्यंत जातात आणि तिथे विद्युतभार साचवतात, असा त्याचा खुलासा केला जातो. गंधक घटल्यानंतर सिंगापूरजवळच्या मार्गावर विजांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. सपाट ढग आणि वादळी ढग, दोघांचं वागणं पूर्ण वेगळं, तरी दोघांनीही त्याच नियमाची नोंद घेतली.

मग २०२३ ची उष्णता यामुळेच का?

२०२३ हे वर्ष २०२२ पेक्षा सुमारे ०.३ अंशाने उष्ण निघालं, उत्तर अटलांटिकचं पाणी विक्रमी तापलं आणि बोट जहाजांच्या नियमाकडे दाखवलं गेलं. आकडे पाहू. नियमामुळे पृथ्वीला मिळालेल्या जादा ऊर्जेचे बहुतेक अंदाज दर चौरस मीटरला ०.१ वॅटच्या आगेमागे आहेत. काही ०.२ पर्यंत जातात, काही बरेच खाली राहतात. औद्योगिक काळापूर्वीपासून २०१९ पर्यंत एकट्या कार्बन डायऑक्साइडने घातलेली भर आहे २.१६ वॅट. ०.१ वॅटचा जागतिक तापमानावरचा परिणाम काही दशकांत साधारण ०.०५ अंश भरतो, आणि तोही सावकाश, कारण समुद्र तापायला वेळ घेतो. ०.३ अंशाची एका वर्षातली उडी यातून निघत नाही. त्या वर्षी एल निनो आला होता आणि मागे दीर्घकाळची तापमानवाढ होतीच. उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकसारख्या, जहाजांनी गजबजलेल्या आणि योग्य ढगांच्या भागांत मात्र नियमाचा वाटा जागतिक सरासरीपेक्षा मोठा होता, हे मान्य करायला हवं.

मला जास्त खटकतं ते "नियमामुळे तापमान वाढलं" हे वाक्य. सल्फेटने उष्णता कधी काढून घेतली नव्हती, त्याने तिच्यावर पडदा धरला होता. वातावरणात दीर्घकाळ राहणाऱ्या वायूंनी पृथ्वी तापत होती, आणि धुरातले कण थोडं ऊन परतवून त्या तापण्यातला काही भाग लपवत होते. आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार माणसाने हवेत सोडलेल्या सगळ्या कणांचा मिळून परिणाम दर चौरस मीटरला उणे १.१ वॅट आहे, आणि त्याची अनिश्चितता उणे ०.४ पासून उणे १.७ पर्यंत. या एवढ्या रुंद पट्ट्यामुळेच जहाजांचं प्रकरण मोलाचं ठरतं. कण हवेत जेमतेम आठवडाभर टिकतात, पावसाबरोबर उतरतात. कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शतकानुशतकं राहतो. म्हणून धूर थांबवला की पडदा काही दिवसांत जातो आणि त्यामागची उष्णता तशीच उरते.

फुप्फुसांच्या बाजूने

२०१८ मध्ये, म्हणजे नियमाच्या आधी, एका अभ्यासाने दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला होता. जुन्याच तेलावर जहाजं चालत राहिली तर त्यांच्या धुरामुळे वर्षाला सुमारे ४ लाख अकाली मृत्यू आणि मुलांमधल्या दम्याच्या सुमारे १ कोटी ४० लाख केसेस. स्वच्छ तेलाने मृत्यू ३४ टक्क्यांनी आणि मुलांचा दमा ५४ टक्क्यांनी कमी होईल. त्याच अभ्यासात बजावलं होतं की जहाजांच्या कणांमुळे मिळणारा थंडावा सुमारे ८० टक्क्यांनी घटेल. म्हणजे ढगांवरचा परिणाम अनपेक्षित म्हणता येत नाही. तो छापील स्वरूपात समोर होता आणि तरीही नियम अमलात आला. माझ्या मते तो यायलाच हवा होता. कुणाच्या तरी मुलाला धाप लागेल अशी हवा ठेवून पृथ्वीसाठी सावली विकत घेणं हा सौदा मांडताच येऊ नये. काम अजून अर्धवटही आहे: त्याच अभ्यासाप्रमाणे कमी गंधकाच्या तेलावरही वर्षाला सुमारे अडीच लाख मृत्यू उरतात. शिवाय हजारो जहाजांनी तेल बदलण्याऐवजी चिमणीत स्क्रबर बसवले. त्यांतले बरेच स्क्रबर धुराला समुद्राच्या पाण्याने धुतात आणि ते आम्लयुक्त पाणी परत समुद्रात सोडतात.

या प्रकरणातून एक मोह निर्माण होतो. गंधकाशिवाय, नुसत्या समुद्राच्या मिठाचे कण फवारून ढग मुद्दाम उजळवता येतील का? कल्पना जॉन लेथम यांनी १९९० मध्येच मांडली होती. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या प्रवाळांवर सावली धरण्यासाठी २०२० पासून छोटे प्रयोग झाले आहेत. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा इथे एका जुन्या विमानवाहू नौकेवरून फवारणीची चाचणी सुरू होती, ती २०२४ च्या जूनमध्ये तिथल्या नगर परिषदेने थांबवली. जहाजांनी शिकवलेली आठवड्याची मुदत इथेही लागू पडते: फवारा बंद पडला की थंडावा संपला. ढगांतल्या पाण्याचं नेमकं काय होतं हे आधी नीट कळायला हवं, असं मला वाटतं.

त्यासाठी मोजत राहणं भाग आहे, आणि इथे एक व्यावहारिक अडचण आहे. टेरा डिसेंबर १९९९ मध्ये उडाला, अ‍ॅक्वा मे २००२ मध्ये. दोघांचंही कक्षा सावरण्याचं इंधन संपत आल्याने ते आता ठरलेल्या स्थानिक वेळेला एखाद्या जागेवरून जात नाहीत, आणि सकाळचा ढग दुपारच्या ढगासारखा नसतो. कणांचा आकार आणि प्रकार ओळखणारा पेस उपग्रह फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि रडार आणि लायडार (लेझर किरणांनी मोजणी करणारं उपकरण) घेऊन जाणारा अर्थकेअर मे २०२४ मध्ये कक्षेत गेला. जुन्या मोजणीला नवी मोजणी जोडायची तर जुनी आणि नवी उपकरणं काही काळ एकाच ढगाकडे पाहत असायला हवीत. मोडिस बंद पडण्याआधी ती जुळणी करून घ्यावी लागेल.